आजारपणानंतर गादीला बसलेला वास आणि डाग, तेही ऐन पावसाळ्यात. काय करावं?

शहापूरची_सून
नमस्कार सगळ्यांना. बेळगावातनं लिहितेय. सासूबाईंना गॅस्ट्रो झालेला, सलाईन लागलं, घरी आणल्यावर इतका अशक्तपणा की उठून बाथरूमपर्यंत जायच्या आतच व्हायचं, उलटी पण आणि लघवी पण. आता बऱ्या आहेत, देवाची कृपा. पण गादी काही सुधारत नाही. खाली काथ्याची गादी आणि वर चार इंची फोम आहे. चादरी, अभ्रे सगळं धुऊन झालं. दिरांनी घाईत फोमवर फिनेल शिंपडलं, तर आता फिनेल आणि लघवी असा दोन्हीचा मिळून वास येतोय. त्यात पाऊस असा लागलाय की राकसकोप धरण भरत आलं म्हणतात, ऊन म्हणून दिसत नाही, गच्चीवर टाकणार तरी कशी. दुपारी जरा उघडीप मिळाली की वास कमी वाटतो आणि रात्री हवा दमट झाली की परत तसाच. डाग मोठा आहे, मध्ये फिकट पिवळा आणि कडेनं गडद.

सासूबाई स्वतःच म्हणतात मला खाली चटईवर झोपव, माझ्यामुळं खोलीत वास मारतोय. त्यांच्या तोंडनं हे ऐकवत नाही हो. गादी जुनी नाही, फेकायची इच्छा नाही. ज्यांनी खरंच करून बघितलंय त्यांनी सांगा.

हिंडलगाकर
ताई आधी एक बघा, फोमच्या कव्हरला बाजूनं चेन आहे का. असली तर कव्हर काढा. आणि आतनं अजून ओली आहे का ते पण बघा, कोरडा पंचा डागावर अंथरून त्यावर गुडघा देऊन जोरात दाबा, पंचा ओलसर लागला तर आत पाणी अडकलंय. वरनं हात लावून कळत नाही, फोम वरनं कोरडा आणि आत गच्च असतो.

शहापूरची_सून
चेन आहे, काढलं कव्हर. पंचा ओलसर लागला आणि पिवळट पण. काथ्याची गादी कोरडी आहे, तिच्या वरच्या कापडावर थोडासाच डाग उतरलाय.

येळ्ळूरकर
वैनी आमच्याकडं खेड्यात उलटी झाली की पहिली चुलीतली राख टाकायची, शेणीची राख असली तर लई चांगलं, ती ओल पिऊन घेती मग सुपलीनं उचलायचं. जमिनीला हे एक नंबर. पांढऱ्या फोमवर मात्र टाकू नका, राखेचा काळा डाग निघत नाही मग. गादीवर ताजं असलं तर चमच्यानं वरचं काढायचं आणि सुकं फडकं दाबायचं, घासायचं नाही बगा, घासलं की आत जातंय. आमच्या आईचं पण असंच झाल्यालं म्हणून मी बी हा धागा बघूलोय.

काकतीकर
कशाला एवढा त्रास. ब्लीच आणि बाथरूमचा ॲसिडवाला क्लीनर समान घ्या, बादलीत मिसळा, ब्रशनं घासा. एका झटक्यात वास पण जातो आणि जंतू पण.

निपाणीची_नर्स
काकतीकर दादा, कृपा करून हा सल्ला काढून टाका. ताई, हे अजिबात करू नका, चुकूनही नाही. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो फुफ्फुसाला लागतो. आणि लघवी मुरलेल्या गादीवर नुसतं ब्लीच ओतलं तरी त्यातल्या अमोनियाशी मिळून दुसरा घातक वायू तयार होतो, क्लोरामाइन म्हणतात त्याला. पावसानं खिडक्या बंद आहेत, घरात नुकत्या आजारातनं उठलेल्या बाई आहेत. ब्लीचचं पाणी आधी साध्या पाण्यानं धुतलेल्या फरशीला, संडासाला, बेडपॅनला वापरा, गॅस्ट्रोमध्ये ते वापरायलाच पाहिजे, पण ते एकटंच, दुसरं काही न मिसळता, आणि खिडकी उघडून. फोममध्ये ते आत जाऊन बसतं, नीट धुऊन निघत नाही, फोमही कुजतो.

आता गादीचं. मी वॉर्डात काम केलंय त्यामुळं हे रोजचं आहे. पहिल्यांदा हातमोजे घाला, मास्क लावा. गॅस्ट्रोच्या काही विषाणूंवर नुसत्या सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, काम झालं की साबणानं हात धुवायचे, निदान वीस सेकंद. चादरी आणि कव्हर वेगळं धुवा, बाकीच्या कपड्यांत मिसळू नका, कापडाला चालत असेल तर ६० अंशाच्या गरम पाण्यात. पण हे डाग निघाल्यानंतर. उलटी, रक्त यांच्यात प्रोटीन असतं, त्याच्यावर आधीच गरम पाणी पडलं की ते शिजून धाग्यात घट्ट बसतं. पहिलं पाणी नेहमी थंड.

फोमचा क्रम असा ठेवा. आधी साध्या थंड पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपून टिपून फिनेल जेवढं निघेल तेवढं काढा, फिनेल राहिलं तर पुढच्या औषधाला ते काम करू देत नाही. टिपताना डागाच्या कडेकडनं मध्याकडं यायचं, उलटं केलं तर गोल पसरतो, तुमच्या डागाची कड गडद आहे ती तशीच झाली असणार. मग कपडे धुवायची पावडर घ्यायची पण जिच्या पाकिटामागे एन्झाइम असं लिहिलंय तीच, एन्झाइम म्हणजे डागातली घाण तोडणारा घटक. कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून स्प्रेच्या बाटलीनं मारा, ओतू नका. त्यावर ओलं फडकं अंथरून दोन-तीन तास तसंच राहू दे. लोक पाच मिनिटांत पुसून टाकतात आणि म्हणतात काय फरक पडला नाही. एन्झाइमला वेळ लागतो आणि ओल लागते, सुकलं की त्याचं काम थांबलं. मग साध्या पाण्याच्या फडक्यानं पावडर टिपून काढायची. पेट शॉपमध्ये कुत्र्या-मांजरांच्या लघवीसाठी तयार एन्झाइम क्लीनर मिळतं, ते मिळालं तर जास्त चांगलं.

शेवटी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, हलका फवारा, दहा मिनिटं थांबून टिपायचं. मग वाळवायचं. वाळवणं सगळ्यात अवघड काम आहे, ते गादीवाल्यांनी सांगावं.

शहापूरची_सून
ताई खूप आभार. एक विचारते, व्हिडिओमध्ये सगळीकडं खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करतात, मस्त फेस येतो. तुम्ही सोडा सांगितलाच नाही.

टिळकवाडीची_बाई
मी हायस्कूलला सायन्स शिकवते, हे मी सांगते. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. ॲसिड आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि मागं राहतो थोडा क्षार आणि पाणी. दिसायला भारी दिसतं पण दोघांचीही ताकद गेलेली असते, वर गादी आणखी ओली. दोन्ही वापरायचे पण वेगवेगळ्या वेळी, आणि कुठला वास आहे ते ओळखून.

लघवीचा वास जुना होतो तेव्हा जंतू युरियाचा अमोनिया करतात, डोळ्याला झोंबतो तो. अमोनिया अल्कली आहे म्हणून त्याला व्हिनेगर लागतं. उलटीचा आंबूस वास ॲसिडचा, त्याला खायचा सोडा. तुमच्या गादीवर दोन्ही झालंय म्हणून आधी व्हिनेगर, मग पूर्ण वाळल्यावर सोडा. सोडा कोरड्यावरच टाकायचा, ओल्यावर टाकला तर पिठाच्या गोळ्यासारखा चिकटून बसतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो लवकर सुटतही नाही. रविवार पेठेत सुटा मिळतो, किलोभर आणा, चाळणीनं जाडसर थर द्या, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर मऊ ब्रशनं झाडून गादी उभी करून मागनं थापट्या मारा. आणि बघून घ्या हो, खायचा सोडा, धुण्याचा सोडा नव्हे. धुण्याचा जास्त जहाल असतो, कातडीला लागतो, म्हाताऱ्या माणसाच्या तर नक्कीच.

आणि दमट हवेत वास परत का येतो विचारलंत. लघवी वाळली की त्यातल्या युरिक ॲसिडचे बारीक खडे फोमच्या भोकांत अडकून राहतात, पाण्यात ते सहज विरघळत नाहीत. हवेत ओल वाढली की परत वास सोडतात. म्हणून नुसतं पाणी मारून किंवा सेंट मारून काही होत नाही, पाऊस आला की तेच. नर्सताईंनी एन्झाइम धरून बसायला सांगितलं ते ह्याच्यासाठी.

पेठेतला_गादीवाला
आमचा गाद्या भरायचाच धंदा, वडिलांपासनं. वाळवायचं मी सांगतो.

फोम कधीही आडवा वाळवू नका. आधी दोन जाड टॉवेल वर-खाली घालून त्याच्यावर उभं राहा, पायानं दाबत दाबत सरका, टॉवेल बदला, पाणी यायचं थांबेपर्यंत. पिळू नका, चार इंची फोम भिजला की वजनानंच चिरतो. मग भिंतीला न टेकवता दोन खुर्च्यांच्या पाठीला उभा लावा, दोन्ही अंगाला वारं लागलं पाहिजे. टेबल फॅन एका बाजूनं, फुल्ल. थोड्या तासांनी वरची कड खाली करा, पाणी खालच्या कडेला उतरतंय. बाहेर पाऊस पडत असेल तेव्हा खिडकी उघडी ठेवून काय फायदा नाही, दमट हवाच आत येती, दार उघडं ठेवून हवा घरात फिरू दे. उघडीप मिळाली की लगेच खिडक्या सताड उघडा. हेअर ड्रायर चालतो पण थंड नाहीतर अगदी कोमट, लांबनं.

आणि एक कळकळीनं सांगतो, फोमखाली शेगडी, निखारे, धुपाची धुरी काय काय ठेवतात लोक, तसलं करू नका. फोम क्षणात पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. उदाच्या धुरीनं वास झाकतो फक्त, जात नाही.

ऊन पडलं तर काथ्याची गादी दिवसभर टाका, तिला ऊन मानवतं. फोमला सकाळचं कोवळं ऊन एक-दोन तास पुरे, कडक उन्हात तो पिवळा पडतो आणि चुरा व्हायला लागतो. मेमरी फोम आणि लेटेक्सचं तर सावलीतच.

कापसाची गादी असेल त्यांच्यासाठी पण सांगून ठेवतो, विचारणार कुणीतरी. ओली कापसाची गादी धुवायला जाऊ नका, कापूस गोळा होतो, आतनं आठवडाभर वाळत नाही आणि बुरशी धरतो. टाके उसवून खोळ काढा, खोळ धुवा. घाण लागलेला कापूस तेवढा ओंजळीनं बाजूला काढून टाकून द्या, बाकीचा उन्हात पसरा, मग पिंजून घ्या. पिंजाऱ्याला खरं सांगा आजाऱ्याची गादी आहे म्हणून. पिंजताना धूळ उडते ती त्याच्याच नाकातोंडात जाते. सांगितलं तर तो तोंडाला बांधून, शेवटी घेऊन करतो. लपवलं तर तो माणूस आजारी पडतो.

खानापूरची_माई
बाळ, तुझ्या सासूला चटईवर झोपू देऊ नकोस, आजारातनं उठलेल्या माणसाला जमिनीचा गारठा लागतो. तोपर्यंत पलंगावर फळीवर दोन-तीन वाकळ घाल. आमच्याकडं खानापुरात तर पावसाळ्यात कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही, आजारी माणूस घरात असला की आम्ही गादी गुंडाळूनच ठेवतो. वाकळ खराब झाली की धुतली, चुलीच्या वरच्या दांडीवर वाळली, दुसरी घातली. जुन्या लुगड्यांची असल्यामुळं अंगाला मऊ लागते.

हळदीच्या दुधाचा डाग पडला असेल तर साबण लावू नकोस, लाल होतो. त्याला ऊन दाखवायचं, आपोआप फिका होत जातो. आमच्या सगळ्या बाळंतिणींच्या चादरी अशाच निघाल्या.

वडगावचा_विणकर
माईंनी हळदीचं सांगितलं तसं कुणी बेटाडिनचं सांगेल काय. वडिलांच्या पायाला जखम होती, गादीच्या कापडावर तपकिरी डाग पडलेत. थोडं रक्त पण आहे.

टिळकवाडीची_बाई
बेटाडिनला व्हिटॅमिन सी. मेडिकलमधली चघळायची गोळी नको, तिच्यात रंग असतो, साधी पांढरी घ्या, कुटून पाण्यात विरघळवा आणि कापसानं लावा. बेटाडिनमधल्या आयोडीनचा रंग डोळ्यासमोर उडतो, मुलांना वर्गात करून दाखवते मी. मैदा किंवा कांजी लावू नका, स्टार्चनं तोच डाग काळा-निळा होतो.

निपाणीची_नर्स
रक्ताला थंड पाण्यात मीठ, टिपत राहायचं. राहिलं तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं त्याच्यावर बहुतेक ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करून घ्या, थोडंसं डागावर टाका, फेस येईल, टिपा. रंगीत कापडाचा रंग उडतो म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा. मिश्रण करून बाटलीत बंद करून ठेवू नका आणि व्हिनेगरच्या बाटलीत तर ओतूच नका. शहापूरच्या ताईंनो, तुमच्या पिवळ्या डागाला पण शेवटी हेच लागेल, पण आधी वास जाऊ दे. डाग राहिला तरी चालतो, वास राहिला तर आत अजून काहीतरी आहे.

काकतीकर
नर्सताई, मला हा वायूचा प्रकार माहीत नव्हता. वरचा सल्ला कुणी वापरू नये. ॲडमिनना सांगितलंय काढायला.

शहापूरची_सून
सगळ्यांचे आभार, आता काय झालं ते सांगते. कव्हर धुतलं, एकदम स्वच्छ निघालं. फोमला फिनेल काढण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, फडकं पिळलं की पांढरट पाणी यायचं. मग एन्झाइमवाली पावडर, वर ओलं फडकं, ते सुकत आलं की परत फवारा. फडकं उचलल्यावर त्यावर पिवळा गोल उमटलेला होता, इतकं आत होतं ते. मग व्हिनेगर. खोलीभर व्हिनेगरचा वास सुटला म्हणून घाबरले, पण फोम वाळत गेला तसा तो गेला. गादीवाले दादांनी सांगितलं तसं टॉवेलवर उभं राहून पाणी काढलं, मुलांना पण चढवलं, त्यांना मजा वाटली. खुर्च्यांवर उभा केला, फॅन रात्रभर.

आता नाक अगदी टेकवून हुंगलं तर मध्यभागी थोडासा येतो, बाकी नाही. डाग फिका झालाय. परत एकदा मध्ये करू का?

निपाणीची_नर्स
हो, तेवढ्याच जागी परत. जुनी लघवी एका वेळात निघत नाही. आणि पूर्ण वाळल्याशिवाय कव्हर घालू नका. घाई केली तर काळे ठिपके येतील, ते आत गेले तर मात्र गादी ठेवण्यात अर्थ नाही, दम्याच्या माणसाला त्रास होतो.

अथणीचा_मुलगा
ह्यात माझा थोडा वेगळा प्रश्न. बाबांना लकवा झालाय, ते अंथरुणावरच आहेत, त्यामुळं हे रोजचंच. धुऊन किती धुणार म्हणून मेणकापड घातलं तर घाम येऊन पाठ लाल व्हायला लागली. मेणकापड काढलं तर गादी जाते. मी एकटा आहे, दुकान पण बघायचं असतं.

निपाणीची_नर्स
भाऊ, पाठ लाल झाली म्हणता ते आधी बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, डॉक्टरांना दाखवा, वाट बघू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची, दुकानात असताना शेजारच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

मेणकापड थेट अंगाखाली कधीच नको. वॉटरप्रूफ प्रोटेक्टर मिळतात, वरनं टर्किश टॉवेलसारखं कापड आणि खाली पातळ थर, पाणी अडतं पण मेणकापडासारखा घाम येत नाही. पूर्ण गादीला एक. त्यावर सुती चादर, आणि कमरेखाली आडवा एक अंडरपॅड, म्हणजे ओल शोषणारा पॅड, नाहीतर दुमडलेली सुती चादर. ओलं झालं की तेवढंच काढायचं, सगळं अंथरूण उलथायला लागत नाही. प्रोटेक्टर दोन घ्या, एक धुण्यात एक गादीवर. घेताना गादीची लांबी-रुंदी तर मापाच, जाडी पण मापा, लोक जाडी विसरतात आणि मग कोपरे सुटतात. पॅड ओला झाला की लगेच बदला आणि कातडी साध्या पाण्यानं पुसून कोरडी करा, पावडर थापू नका, ती ओलीत चिकटून कातडीला घासते.

पेठेतला_गादीवाला
अथणीच्या भावा, माप घेऊन ये, रेडिमेड बसत नसेल तर प्रोटेक्टर घेऊन त्याला चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक मी शिवून देतो. बेळगावला कुणी येणार असेल त्याच्याकडं पाठवलं तरी चालेल. शिलाई घेणार नाही.

अथणीचा_मुलगा
दादा, ताई, काय बोलू. पाठीवर दाबून बघितलं, पांढरी होते. उद्या तरी डॉक्टरांना दाखवतो. जाडी मापली, पाच इंच आहे. सोमवारी मावसभाऊ बेळगावला येणार आहे, त्याच्याजवळ पाठवतो.

शहापूरची_सून
भाऊ, आमच्याकडं सासूबाईंच्या वेळचे अंडरपॅड उरलेत, न उघडलेलं एक पाकीट आहे. मावसभावाला आमच्याकडं पण यायला सांगा, शहापूरहून पेठ जवळच आहे, नंबर मेसेजमध्ये टाकते.